चौथं पान

निहारला कावीळ झाली, तेव्हा त्याच्या आईने, नीलिमाने, सोसायटीचा पाणी तपासणी अहवाल पुन्हा उघडला. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘पाणी पिण्यास योग्य’. या वेळी ती तिथे थांबली नाही. कुठलं पाणी, कुणी घेतलं, कधी, असं विचारत ती एकेक ओळ वाचत गेली. चौथ्या पानावर बारीक अक्षरांत होतं, ‘नमुना फक्त पहिल्या टाकीतला’. त्यांच्या विंगला पाणी दुसऱ्या टाकीचं येत होतं.

ती तडक सोसायटीचे सेक्रेटरी, मूळचे कर्नाटकातले शरच्चंद्रअण्णा, यांच्या दारात गेली.

“अण्णा, दुसरी टाकी का नाही तपासली?”

“अगं, रिपोर्ट सरी आहे, अगदी बरोबर आहे. स्वल्प, जरा शांत हो.”

“पोरगा हॉस्पिटलात आहे आणि मी शांत होऊ? चौथं पान वाचलंत तुम्ही?”

अण्णांनी चष्मा लावला, वाचलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी दुसरी टाकी बंद झाली. तरी नीलिमाचा राग धुमसतच होता. महिन्यापूर्वी विंगच्या ग्रुपवर तो अहवाल तिनेच टाकला होता, वर लिहून: ‘काळजी नको, पाणी चांगलं आहे.’