शिशुवर्गातलं बोरन्हाण

बोरन्हाण करायचं तर घरात चार पोरं हवीत. वृषालीच्या घरात एकच होतं, चार वर्षांची नूपुर. नवऱ्याच्या, निखिलच्या कंपनीने पुण्याहून उचलून कोलकात्यात आणून टाकल्यापासून मायलेकी दिवसभर एकमेकींशीच बोलायच्या. शाळेत तर नूपुर तोंडच उघडत नव्हती. "रडत नाही हो, पण कुणाशी खेळतही नाही," मौशुमी मिस सांगायच्या.

म्हणून 'आमच्या घरचा सण' दाखवायची नूपुरची पाळी आली, तशी वृषालीने सियालदहच्या बाजारातून बोरं आणली. त्यात चुरमुरे, तिळाच्या रेवड्या, उसाचे करवे मिसळले. संक्रांत नुकतीच झाली होती. या निमित्ताने पोरीला एक मैत्रीण मिळाली तरी खूप झालं.

काळा फ्रॉक आणि हलव्याचे दागिने घालून नूपुर वर्गाच्या मधोमध पाटावर बसली. तिच्याभोवती पोरांनी कोंडाळं केलं. वृषालीने आधी पाटाशेजारी उभ्या तिस्ताच्या ओंजळीत बोरं ठेवली आणि मोडक्या बंगालीत म्हणाली, "खा हं बाळा."

तिस्ताने चटका बसल्यासारखे हात काढून घेतले. बोरं फरशीवर घरंगळली.

"सरस्वतीपूजेच्या आधी बोरं नाही खायची, आंटी. देवी रागावते."

"मग नापासच होतो," मागून कुणीतरी भर घातली.

"नूपुरने खाल्लंय. बघ, गालात बी आहे."

कोंडाळं हळूहळू मागे सरकलं. पाटावर नूपुर एकटीच उरली. तिने बी तळहातावर काढली आणि मराठीत विचारलं, "आई, मी नापास झाले?"

मौशुमी मिस ओशाळल्या. "आमच्याकडे पूजेला फुलं वाहिल्याशिवाय बोर तोंडात घालत नाहीत. तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं."

कोण सांगणार? सांगणारं माणूस शेजारी असतं तर अंगणातच झालं असतं की बोरन्हाण. वृषालीने टोपलीतल्या रेवड्या बाजूला काढल्या.

"मिस, बोरं खायची नाहीत. पण डोक्यावर ओतली तर?"

मिसनी विचार केला. "ओतण्याबद्दल देवीचं काही म्हणणं असेल असं वाटत नाही."

तिस्ता पुढे आली. दोन्ही मुठी भरून तिने नूपुरच्या डोक्यावर रिकाम्या केल्या. बोरं कपाळावरून, खांद्यावरून टपटपत खाली आली आणि नूपुर खुदकन हसली. मग कुणाला धीर धरवेना. चुरमुऱ्यांत माखलेली पोरगी उठली, तिने तिस्ताला हाताला धरून पाटावर बसवलं आणि टोपलीत हात घालत म्हणाली, "एबार आमि देबो." आता मी ओतणार.

ही पोर बंगाली कधी शिकली? घरी तर एक शब्द काढला नव्हता.

"नूपुर, पाणी पितेस का गं?"

नूपुरला ऐकूच गेलं नाही.

"आता तुम्ही निघालात तरी चालेल," मिस मायेने म्हणाल्या. "आज ती रमलीय."

दारातून वृषालीने हात हलवला. नूपुरची दाराकडे पाठ होती. मनासारखं झालं, म्हणत तिने चपला घातल्या, आणि पट्टा लावायला उगाच वेळ लावला.

फाटकाबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "कोथाय जाबेन, दीदी?"

घरी जायचं होतं. पण घरी जाऊन बोलायचं कुणाशी? ती त्यालाच म्हणाली, "यंदा थंडी जास्तच आहे, नाही?"