हिरव्या बटणाच्या बाई

“पुन्हा एकदा नंबर टाका,” मावशी म्हणाल्या. “घाईत बोट घसरलं असेल तुमचं.”

दुकानदाराने तिसऱ्यांदा नंबर टाकला. मशीनवर क्षणभर चक्र फिरलं आणि पुन्हा तीच लाल पट्टी आली. शेवटी त्याने मशीनच उलटं करून मावशींसमोर धरलं. मावशींनी चष्मा सावरला आणि पट्टीवरची अक्षरं एकेक लावत वाचली, “थक-बाकी-दार.” आपण हे सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचलं, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे तिघं-चौघं उभे होते. त्यातल्या एकाने घाईघाईने पंख्यांच्या किमती बघायला सुरुवात केली.

“मी?” मावशी म्हणाल्या. “अहो, पस्तीस वर्षं दवाखान्यात नोकरी केली मी. लाइटबिल आलं की दुसऱ्या दिवशी भरते. कुणाचं देणं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही कधी.”

“मी कुठे काय म्हणतोय मावशी? मशीन म्हणतंय.”

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला, दुकानातल्या दुसऱ्या मशीनमध्ये नवा प्रोग्रॅम भरत ती बसली होती. मावशी दारातून आत आल्या तेव्हाच तिने आवाज ओळखला होता. एरवी उठून धावत गेली असती. पण ‘फ्रिज हप्त्यावर हवाय’ हे शब्द कानावर पडले आणि ती उठता उठता थांबली. वायर खाली पडल्याचं निमित्त करून ती काउंटरखाली वाकली, ती वाकलेलीच राहिली.

मशीनच्या कंपनीत ती शिकवायचं काम करत होती. दुकानोदुकानी जायचं, मशीन बसवायचं, बिलं कशी भरून घ्यायची, हप्त्याचा अर्ज कसा करायचा, ते दाखवायचं. शिकवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मशीनला हात लावायला भिणाऱ्या साठीच्या दुकानदारालाही ती अर्ध्या तासात तयार करी. “अडलं तर घाबरायचं नाही, हिरवं दाबायचं,” हे तिचं पेटंट वाक्य. त्यावरून दुकानदार तिला ‘हिरव्या बटणाच्या बाई’ म्हणत, आणि तिलाही ते आवडे.

एका ठिकाणी मात्र हिरवं दाबायचं नसे. बिल भरून झालं की मशीन विचारी, ग्राहकाला उधारीचं खातं हवं का? खाली दोन पानं अटी. पहिलं वर्ष फुकट, पुढे दरमहा फी, फी थकली की नाव लाल यादीत. या अटी ग्राहकाला वाचून दाखवायच्या आणि बटण त्यानेच दाबायचं, असा नियम होता. सुरुवातीला ती तसंच शिकवायची. पण वाचून दाखवलं की दहातले नऊ जण ‘नको बाई’ म्हणत. महिनाअखेर साहेब विचारत ते खाती किती उघडली एवढंच. वाचून किती जणांना दाखवलं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मग तीही दुकानदारांना सांगू लागली, “वाचत कसले बसताय? आपणच दाबून मोकळं व्हायचं.”

आणि मावशींचं खातं तर तिने स्वतःच्या हाताने उघडलं होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वह्या-पुस्तकांच्या एका दुकानात ती मालकाला शिकवत होती, आणि मावशी लाइटबिल भरायला आल्या. तिला पाहून त्यांना कोण आनंद झाला. रांगेतल्या अनोळखी बाईला त्यांनी सांगूनही टाकलं, “ही आमचीच पोर बरं का.” तसं पाहिलं तर नातं काहीच नव्हतं. तिची आई शेवटचे तीन महिने दवाखान्यात होती आणि मावशी त्या वॉर्डात आया होत्या. ड्यूटी संपली तरी थांबून त्या आईचे केस विंचरायच्या. आई गेली त्या दिवशी ही भिंतीला टेकून बसली होती, तेव्हा मावशींनीच तिला चमच्याचमच्याने दूध पाजलं होतं.

त्या दिवशी मावशींच्या फोनवर मशीनने पाठवलेला ओटीपीचा आकडा आला. त्यांनी फोनच तिच्या हातात दिला. “तूच बघ बाळा. चष्मा घरी राहिला.”

त्या महिन्यात तिला दोन खाती कमी पडत होती. तिने आकडा टाकला, हिरवं दाबलं आणि फोन परत करताना म्हणाली, “पावतीसाठी होता हो मावशी.”

आता काउंटरखाली वाकल्या वाकल्या तिला ते वाक्य आठवलं, आणि नेमका त्याच वेळी दुकानदाराने हाक मारली. “मॅडम, जरा बघता का? या मावशींचं काय झालंय ते.”

उठावंच लागलं. तिला पाहताच मावशींचा चेहरा उजळला.

“अगं बाई, तू इथे आहेस होय! देव पावला. सांग बाळा यांना. तू ओळखतेस ना मला. मी थकबाकी ठेवीन का कुणाची?”

तिने मशीन हातात घेतलं. सगळं स्वच्छ दिसत होतं. खातं उघडल्याची तारीख, दुकानाचं नाव, दुसऱ्या वर्षापासून न भरलेली फी. मागची माणसं आता पंखे सोडून इकडे बघत होती. आदल्याच महिन्यात अशाच तक्रारीवरून कंपनीने तिच्याबरोबरच्या दोघांना घरी बसवलं होतं. हे सगळं तिच्या डोक्यात आलं खरं, पण पुढे तिने स्वतःलाच कितीदा तरी विचारलं की आपण नोकरीपायी तसं बोललो, की चारचौघांत आपली पत जाऊ नये म्हणून? उत्तर तिला कधीच धड देता आलं नाही.

“मावशी,” ती म्हणाली, “मशीनमध्ये आहे म्हणजे खरंच असेल. तुम्हीच कधीतरी हो म्हणाला असाल. लक्षात नसेल आता.”

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच मान हलवली.

“असेल,” त्या म्हणाल्या. “तू म्हणतेस म्हणजे असेल. हल्ली विसरायला होतं मला.”

पहिल्या हप्त्यासाठी आणलेल्या पैशांतून त्यांनी थकलेली फी भरली. नाव साफ व्हायला पंधरा दिवस लागतील, असं दुकानदाराने सांगितलं. जाताना त्या दुकानदाराला, आणि मागे उभ्या असलेल्या माणसांनाही, “तुमचा वेळ घेतला हं,” असं म्हणाल्या.

चार दिवस तिला अन्न गोड लागेना. नवऱ्याने विचारलं तर “पित्त झालंय” म्हणाली. मशीन शिकवताना ‘हिरवं दाबा’ म्हणायची वेळ आली की जीभ अडखळायची. पाचव्या दिवशी तिने ऑफिसला पत्र लिहिलं. खातं मी उघडलं, ग्राहकाला विचारलं नाही, अटी वाचल्या नाहीत. लिहून पाठवलं आणि नोकरी गेली असं धरूनच बसली.

नोकरी गेली नाही. साहेबांचा फोन आला.

“अहो, असं कुणी लिहून देतं का? असं एक कबूल केलं की हजार निघतील. ते पत्र मी फाडलंय. त्या बाईंचं खातं बंद केलंय, फी परत केली आहे, यादीतून नाव काढलंय. तसं पत्र तुम्हाला पाठवतो, नेऊन द्या आणि विषय मिटवा.”

पत्र आलं. वर कंपनीचा शिक्का, खाली सही, आणि मधे एकच वाक्य महत्त्वाचं: तांत्रिक चुकीमुळे आपल्या नावे खाते उघडले गेले, त्याबद्दल दिलगीर आहोत.

ते घेऊन ती मावशींच्या घरी गेली. दोन खोल्या, मागे छोटं स्वयंपाकघर. मावशींचे यजमान पलंगावर बसून रेडिओ ऐकत होते. कोपऱ्यात एक जुना फ्रिज घरघरत होता. “मुलाने ओळखीतून आणला,” मावशी म्हणाल्या. “यांचं इन्शुलिन शेजारी ठेवायचो ना. रोज त्यांचं दार वाजवायचं म्हणजे आपल्यालाच कानकोंडं होतं.”

सून चहा घेऊन आली. शांत, समजूतदार मुलगी. बोलता बोलता सहज म्हणाली, “आईंचं आता वय झालं हो. बिलांचं मीच बघते सगळं. परवा गॅसचं भरायला निघाल्या होत्या, म्हटलं राहू दे, उगाच पुन्हा घोळ नको.”

तिच्या बोलण्यात कुजकेपणा नावालाही नव्हता. ती खरोखर काळजीनेच बोलत होती. मावशी कपबशीकडे बघत होत्या. भिंतीवर खिळ्याला बिलांची पिशवी टांगलेली होती. तीस वर्षं या घराची बिलं त्या पिशवीत जमत आणि मावशींच्या हातून भरली जात. आता पिशवीवर सुनेच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती, कुठलं बिल केव्हा भरायचं त्याची.

तिने पत्र पुढे केलं. सुनेने ते मोठ्याने वाचलं आणि तिचा चेहरा खुलला. “बघा आई! मशीनचीच चूक होती. तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत.”

“म्हणजे मी विसरले नव्हते?” मावशींनी विचारलं.

“नाही ना! तांत्रिक चूक लिहिलंय.”

पलंगावरून यजमान म्हणाले, “मी म्हणत होतो, हिचं डोकं अजून शाबूत आहे.” सगळे हसले. विषय मिटला होता. चहा संपवून, निरोप घेऊन तिला उठता आलं असतं. ती उठलीही. दारापर्यंत गेली. चपलेत पाय घातला. मावशी मागोमाग आल्या आणि नेहमीसारखा त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “केवढी धावपळ केलीस गं माझ्यासाठी,” त्या म्हणाल्या.

हे मात्र तिला सोसवलं नाही.

“मावशी, मशीन चुकलं नाही,” ती म्हणाली. “मी दाबलं होतं. त्या दिवशी तुम्ही फोन दिलात ना माझ्याकडे, तेव्हा. पावतीसाठी आहे म्हणून खोटं सांगितलं. मला दोन खाती कमी पडत होती.”

पाठीवरचा हात तसाच होता. मग तो निघाला.

“आणि फ्रिजच्या दुकानात?” मावशींनी विचारलं. “तेव्हा ठाऊक होतं तुला?”

“होतं.”

आतून यजमानांनी रेडिओ बंद केला. सून उठली, खिळ्यावरची पिशवी काढली, तिच्यावरची चिठ्ठी ओढून टाकली आणि पिशवी मावशींसमोर धरली. मावशींनी ती घेतली नाही.

“दाबलंस ते दाबलंस,” त्या म्हणाल्या. “पोटासाठी माणूस काय काय करतं, दवाखान्यात कमी पाहिलं नाही मी. पण घरी आल्यावर रात्रंदिवस आठवत बसले गं मी, की कधी हो म्हटलं, कुणाला म्हटलं. मला वाटलं, आपलं डोकंच गेलं. यांना तर सांगूनही ठेवलं होतं की औषधाच्या वेळा आता सुनेला विचारत जा.”

तिला रडू आलं. मावशींनी तिला रडू दिलं, पण जवळ घेतलं नाही.

“इथे सांगून काय उपयोग?” त्या म्हणाल्या. “इथली माझीच माणसं आहेत. जिथे मला खोटं पाडलंस तिथे सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी त्या दुकानात गेल्या. मावशी ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या. त्या दिवशीची माणसं अर्थातच नव्हती. टीव्ही बघायला आलेलं एक जोडपं होतं आणि एक म्हातारे गृहस्थ बिल भरत होते. दुकानदाराने हसून “या मॅडम” म्हटलं. तिने काउंटरवर हात टेकले.

“त्या दिवशी या मावशींचं नाव लाल आलं ना,” ती म्हणाली, “ते त्यांच्यामुळे नाही. खातं मी उघडलं होतं, त्यांना न विचारता. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले.”

दुकानदार चपापला. आवाज खाली आणून म्हणाला, “जाऊ द्या हो मॅडम. गिऱ्हाइकं आहेत. होतं असं. आम्ही सगळेच...” पुढचं त्याने गिळलं.

बिल भरणाऱ्या गृहस्थांनी मशीनवरचा आपला हात मागे घेतला. “मग माझ्या नावावरपण असेल का हो असलं काही?” त्यांनी विचारलं. दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, “असू शकेल काका. मी बघून देते.”

त्यांचं होतं. टीव्ही बघणाऱ्या जोडप्यातल्या बाईचंही होतं. दोन्ही खाती बंद करायचे अर्ज तिने तिथेच उभ्या उभ्या भरले. दुकानदार एकीकडे फोन लावत होता. कुणाला, ते तिला कळत होतं. मावशी या सगळ्या वेळात खुर्ची देऊनही बसल्या नाहीत. शेवटचा अर्ज झाल्यावर दुकानदाराकडे वळून त्या म्हणाल्या, “म्हणजे मी थकबाकीदार नव्हते.”

“नव्हता मावशी,” दुकानदार म्हणाला. “माफ करा.”

दोघी बाहेर आल्या. ऊन चढलं होतं. तिचा फोन वाजू लागला, साहेबांचं नाव दिसलं. तिने तो पर्समध्ये टाकला. कोपऱ्यावर बसचा थांबा होता, तिथवर दोघी चालत आल्या.

“मावशी, मी घरापर्यंत सोडते तुम्हाला,” ती म्हणाली. “बसला गर्दी असेल.”

“नको, मिळेल मला जागा,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही निघा. तुमची कामं खोळंबली असतील.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. वॉर्डातल्या नातेवाइकांना भेटीची वेळ संपल्याचं सांगताना त्या अशाच बोलत, नीट आणि मर्यादेने. बस आली. चढताना त्यांचा पाय पायरीवर जरा अडखळला. तिचा हात आपसूक पुढे गेला, पण मावशींनी दांडा धरला होता. त्या स्वतःच वर चढल्या, आत गेल्या, आणि गर्दीत वाट काढत पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसल्या.