दिव्याची मान

अंधार पडल्यावर वायरमनने आत्याची बॅग तिच्या दाराबाहेर ठेवली आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

"महिन्यात दोनदा पडलीस," तो म्हणाला. "आता आमच्याकडेच राहायचं."

"दुसऱ्यांदा पडले ती तुझ्या दिव्यामुळे."

हे त्याला झोंबलं. आत्या पहिल्यांदा पडली तेव्हा पायऱ्यांच्या तळाशी असलेल्या खांबावर त्यानेच फ्लडलाइट बसवला होता. उजेड वर घरापर्यंत पोचावा म्हणून त्याचं तोंड सरळ दाराकडे केलं होतं. मग खाली उभं राहून बघितलं, तर सगळं लख्ख. गल्लीने वाहवा केली. एवढ्या उजेडात पडायचं म्हणजे डोळेच गेले, असं त्याने घरी सांगून टाकलं होतं. रात्री वरून खाली मात्र तो कधी उतरलाच नव्हता.

"तू हो पुढे," आत्या म्हणाली.

दोन पायऱ्या तो बेधडक उतरला. तिसरीवर दिवा थेट डोळ्यांत घुसला. पायाखालचं काहीच दिसेना. चाचपत पाय टाकला तो हवेतच, आणि तो धप्पकन बसला. बॅग गडगडत तळाशी गेली.

"लागलं का रे?"

आवाजात काळजीपेक्षा समाधान जास्त होतं. त्याचे कान तापले. उभा जन्म दिवे लावण्यात गेला, आणि हे आत्याने शिकवावं!

तो खाली गेला, टेम्पोतून शिडी काढली. दिव्याचं तोंड जमिनीकडे वळवलं, जुन्या डब्याचा पत्रा कापून वर टोपी बसवली.

समोरच्या खिडकीतून शेजारीण ओरडली, "अहो, दिवा गेला का?"

"गेला नाही," आत्या वरून म्हणाली. "चूक कळली, म्हणून मान खाली घातलीय."

शिडीवर वायरमनला हसू आवरेना.

आत्या उतरू लागली. आधी कठड्याला धरून, मग नुसतीच. बाराही पायऱ्या उतरून ती बॅगेपाशी येऊन उभी राहिली. मग टेम्पोकडे बघत राहिली. तिचा चेहरा बघून त्याला भरून आलं.

त्याने बॅगेवरची धूळ झटकली, ती खांद्यावर घेतली आणि पायऱ्या चढू लागला.

"सावकाश," मागून आत्या म्हणाली. "आठवी जरा उंच आहे."

"दिसतेय गं," तो म्हणाला आणि खिशातली किल्ली चाचपू लागला.