प्लंबरचा पियानो

पियानो शिकवणाऱ्या बाई म्हणजे दूध नासलं तरी कुणीतरी मुद्दाम नासवलं म्हणणाऱ्यातल्या. त्यात त्यांची शेवटची शिष्या, दातांच्या डॉक्टरांची मुलगी, यायची बंद झाली. "तिला बरं नाही," असा निरोप आला. बरं नाही म्हणे! बाई काय दूधखुळ्या होत्या? ती गेली की शिकवणी संपली, आणि शिकवणीशिवाय बाईंना दुसरं होतं काय?

तेवढ्यात एका दुपारी खालच्या मजल्यावरून चाल ऐकू आली. मुलीला शिकवत होत्या तीच. आवाज चिरका, डब्यात माशी अडकल्यासारखा, पण चूकही तीच! वरच्या सुरावर उडी मारायची तिथं घसरायचं, आणि लगेच गप्प. अशी चूक जगात दुसरं कोण करणार?

"अस्सं! माझी शिष्या फोडली खालच्यानं!"

खाली एकटा प्लंबर राहायचा. जिन्यात भेटला की मान खाली घालून सटकायचा. हल्ली घरात ठोकाठोकी, करवतीची खरखर. बाई डोळ्यांत तेल घालून जिन्यात बसल्या. मुलगी आत जाताना दिसली नाही, बाहेर येतानाही नाही. म्हणजे मागच्या दारानं नेतो, लेकाचा!

पुन्हा चाल सुरू झाली तशा बाई तरातरा खाली गेल्या. दार उघडंच होतं.

"कुठंय ती?"

"कोण?" प्लंबर दचकून उठला.

आत चिटपाखरू नव्हतं. बाईंनी पलंगाखालीही पाहून घेतलं. टेबलावर बिस्किटांचा डबा, त्यात वायरींचं जंजाळ, बोटभर लांबीचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे इवलासा संगणकच, आणि जुन्या रेडिओचा स्पीकर. पुढं तांब्याच्या पाइपचे ठोकून चपटे केलेले तुकडे ओळीनं बसवलेले.

"सिंथेसायझर आहे, घरीच केलाय," तो ओशाळून म्हणाला. "तुकड्याला बोट लागलं की बोर्डाला कळतं, तो सूर काढतो. खरा पियानो कुठला परवडायला?"

"आणि चाल कुठून चोरलीत?"

"छतातून येते ना खाली. ऐकून ऐकून बसवली." त्यानं वाजवून दाखवलं. घसरला, थांबला, हात मांडीवर घेतले.

"थांबलात का?"

"इथं तुम्ही ओरडता ना," तो अगदी सरळ मनानं म्हणाला. "पुढचं कधी ऐकूच आलं नाही. पुढं कसं आहे हो, बाई?"

बाईंचे कान शरमेनं तापले. मुलगी का येईनाशी झाली, ते आता कुणी सांगायला नको होतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि उरलेली चाल त्या पाइपांवर वाजवून दाखवली. मग त्यानं पहिल्यापासून सुरू केली, आणि तिथंच घसरला. बोटं आपोआप उचलली गेली, खांदे आखडले.

बाईंच्या तोंडाशी आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"थांबू नका," त्या म्हणाल्या. "चुकलं तर चुकलं. पुढं जा."