पोत्याने रस प्यायला नव्हता

पाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंडाच्या पातेल्यापुढे रांग लागते, हा लंडनच्या उपनगरातल्या आमच्या पिनरच्या मराठी मंडळाचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. दोन हजार सहा साली मात्र रांग श्रीखंडाकडे पाठ करून उभी होती. स्टेजसमोरच्या लाकडी जमिनीवर एक वजनकाटा ठेवला होता. काकू एकेक करून त्यावर चढत होत्या, वाकून आकडा बघत होत्या आणि ‘अगंबाई’ म्हणत तोंडावर हात ठेवत होत्या.

“चौऱ्याहत्तरचे एकाहत्तर,” पुष्करने माइकवर जाहीर केलं. “अर्चनाकाकू, दहा आठवड्यांत तीन किलो. व्यायाम केलात?”

“छे रे, वेळ कुठाय?”

“डाएट?”

“कालच डोहाळजेवणाला दोनदा वाढून घेतलं.”

“मग हे झालं कशामुळे?”

अर्चनाकाकू नवीन नवरीसारख्या लाजल्या. “रसोदय,” त्या म्हणाल्या, आणि हॉलभर टाळ्या पडल्या.

काट्याशेजारी माणसाएवढा पुठ्ठ्याचा पुतळा होता. रात्री साडेआठच्या मालिकेत सोसणारी जी सून, तिचा. मालिकेत सासूने तिला दोनदा विष पाजलं होतं आणि एकदा जिन्यावरून ढकललं होतं, तरी दर सोमवारी ती टवटवीत चेहऱ्याने हजर. पुठ्ठ्यावर तिच्या हातात रसोदयची बाटली, कंबर एवढीशी, आणि खाली लिहिलेलं, ‘माझं रहस्य’. आता अशा बाईचं ऐकायचं नाही तर काय माझं ऐकायचं? मी इथल्या केमिस्टच्या दुकानात बावीस वर्षं फार्मासिस्ट आहे. पांढरा कोट, नाकावर घसरणारा चष्मा. माझा पुठ्ठ्याचा पुतळा अजून कोणी काढलेला नाही.

पुष्कर मूळचा नागपूरचा. आठ वर्षं मिल्टन कीन्सला सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होता. चांगली नोकरी, चांगला मुलगा. एका शनिवारी कुठल्याशा हॉटेलातल्या सेमिनारला गेला आणि रसोदयचा ‘वेलनेस पार्टनर’, म्हणजे विक्रेता, होऊनच बाहेर आला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याने मंडळात पहिलं प्रवचन दिलं तेव्हा मीही वाण घेऊन बसले होते.

“काकू, तुम्ही दिवसभर पाणी पिता, पण ते पेशीत शिरतच नाही,” तो सांगत होता. “नळाचं पाणी म्हणजे विनातिकीट प्रवासी. इकडून आलं, तिकडून उतरलं. रसोदयमधलं पाणी फळात जन्मलेलं असतं. त्याला पेशी ओळखतात, दार उघडतात. याला म्हणतात खरं हायड्रेशन. पेशी भरली की भूक मरते, आणि भूक मेली की चरबी वितळते.”

“पेशींना पासपोर्ट दाखवावा लागतो का रे, की नुसता व्हिसा चालतो?” मी विचारलं.

बायका हसल्या. हसल्या नाहीत त्या फक्त माझ्या वन्सं.

उल्काताई, माझे यजमान सतीश यांची थोरली बहीण. वय सहासष्ट, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्यांच्या घरात झोपायची खोली वर, बाथरूमही वर. जून महिन्यापासून त्या खाली सोफ्यावर झोपत होत्या आणि बाथरूमला जायचं तर तेरा पायऱ्या कठडा धरून, बसत बसत चढत होत्या. सव्वा वर्ष वेटिंग लिस्टवर काढल्यावर हॉस्पिटलने उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली होती, वीस एप्रिल. अट एवढीच, की वजन थोडं उतरवा आणि शुगर आटोक्यात ठेवा. कारण वन्संना नऊ वर्षं डायबिटीस आहे, आणि शुगर चढलेली असली तर भूल देणारे डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतात. त्या वीस एप्रिलवर वन्संचा सगळा जीव होता.

संक्रांतीच्या दिवशी त्यांनी पुष्करला एकच प्रश्न विचारला. “उपवासाला चालतं का हे?”

“शंभर टक्के फळ, काकू. शुद्ध फलाहार.”

झालं. विषय मिटला. वन्संनी नऊ वर्षांत चहात साखरेचा दाणा घातलेला नाही. पण त्यांच्या लेखी शुगर म्हणजे चहातली, पेढ्यातली, केकमधली. रताळ्याच्या किसातली, खजुरातली, चतुर्थीच्या फळांतली साखर ही साखर नव्हेच. हसू नका, आमच्यातल्या निम्म्या घरांत असंच चालतं. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर येणारी मंडळी शुगरचा आकडा दाखवतात आणि वर म्हणतात, “काल तर काही खाल्लंच नाही हो, उपवास होता.” उपवासाला जे चालतं ते डॉक्टरलाही चालायलाच हवं, अशी आमची समजूत आहे.

परतताना गाडीत मी जिभेला आवर घालायला हवा होता. तो काही घातला नाही. “वन्सं, पेशींनी दार उघडलं की मला कळवा हं,” मी म्हणाले. घराशी उतरताना त्या म्हणाल्या, “तू गोळ्या विकतेस. तुला फळं कशी रुचतील?” त्यानंतर दहा आठवडे आमचं बोलणं सतीशमार्फत. मीही हट्टाने फोन केला नाही. फार्मासिस्ट भावजय असून नणंदेला बाटलीमागचं लेबल वाचून दाखवलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

तर पाडव्याला वन्संची पाळी आली. काठी टेकत त्या काट्यावर चढल्या.

“अठ्ठ्याऐंशीचे पंचाहत्तर,” पुष्करचा आवाज चढला. “तेरा किलो. आजचा रेकॉर्ड.”

वन्सं माझ्याकडे बघून हसल्या. दहा आठवड्यांत पहिल्यांदाच. “डॉक्टरांना दाखवीन आता,” त्या म्हणाल्या, “ऑपरेशनच्या आधी उतरवून दाखवलं म्हणावं.” मला बरं वाटायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा ओढलेला दिसत होता, ओठ सुकलेले होते, आणि तासाभरात त्या तिसऱ्यांदा बाथरूमकडे निघाल्या होत्या. जेवणं होत आली तशी मी त्यांना गाठायला उठले, तेवढ्यात स्वयंपाकघरातून मुरलीधरकाकांनी हाक मारली.

मंडळाचा मसालेभात दर वर्षी मुरलीधरकाकांकडे. सगळं आयुष्य पोस्टाच्या पार्सल काउंटरवर गेलं, त्यामुळे डोळ्यांपेक्षा काट्यावर त्यांचा विश्वास जास्त. तांदळाची वीस किलोची दोन पोती आणली होती, त्यातलं एक न उघडता उरलं होतं. ते वेम्बलीच्या दुकानात परत द्यायचं होतं. जेवणाच्या सुट्टीत कोणाच्या पायात येऊ नये म्हणून पुष्करने काटा मागच्या कार्पेटच्या कोपऱ्यात सरकवला होता. काकांनी पोतं त्यावर ठेवलं. काटा बावीस दाखवत होता.

“दुकानदार देवमाणूस दिसतोय, असं वाटलं मला,” काका म्हणाले. “पण वेम्बलीत देवमाणूस दुकान टाकून कशाला बसेल? म्हणून काटा स्वयंपाकघरात नेला आणि लादीवर ठेवून पुन्हा मोजलं. आता वीस. देवयानी, तू शिकलेली आहेस. खोटं कोण बोलतंय, पोतं की काटा?”

आम्ही दोघांनी काटा आणि पोतं पुन्हा कार्पेटवर नेलं. बावीस. स्टेजसमोरच्या लाकडी जमिनीवर आणलं. वीस. तोवर हातात श्रीखंडाच्या वाट्या घेऊन दहाबारा जण भोवती जमले होते.

“पोतं दोन किलो बारीक झालं,” काका गंभीरपणे म्हणाले. “आणि त्याने रस प्यायला नव्हता.”

आता मला आठवलं. संक्रांतीला हळदीकुंकू होतं, बायका खाली बसणार म्हणून सगळा कार्यक्रम कार्पेटच्या बाजूला होता. पहिली वजनं तिथेच घेतली होती. आजची लाकडावर. मी काटा उलटा करून सगळ्यांना दाखवला. तळाला पातळ पत्रा, त्याला चार बुटके पाय. कठीण जमिनीवर आपण उभे राहिलो की पत्रा जरासा वाकतो, आणि तबकडीवरचे आकडे ते वाकणं गृहीत धरूनच छापलेले असतात. जाड कार्पेटमध्ये पाय रुततात, पत्रा कार्पेटवर टेकतो, वाकत नाही, आणि काटा पुढे पळतो. यात फळ नाही, पेशी नाही, फक्त पत्रा आहे.

“म्हणजे माझे तीन किलो?” अर्चनाकाकूंनी विचारलं.

“कार्पेटवर चढून बघा. तुलना करायची तर एकाच जागेवर.”

त्या चढल्या. अठ्ठ्याहत्तर. संक्रांतीला इथेच चौऱ्याहत्तर होतं. म्हणजे बाई तीन किलो उतरल्या नव्हत्या, चार चढल्या होत्या. मग रांग पुन्हा लागली, या वेळी जरा हळू चालणारी. प्रत्येकीचं वजन दोन-तीन किलो वाढलेलं. रोज जेवणावर वरून गोड रस प्यायला की दुसरं काय होणार?

वन्सं शेवटी चढल्या. कार्पेटवर साडेब्याऐंशी. संक्रांतीला अठ्ठ्याऐंशी.

“बघा,” पुष्करला धीर आला. “काकूंचं उतरलंय. कार्पेटवरसुद्धा साडेपाच किलो. आता बोला.”

मी वन्संच्या सुकलेल्या ओठांकडे बघत होते. सगळ्यांचं वाढलं आणि एकट्या वन्संचं उतरलं. तहान, सारखी बाथरूमला धाव, आणि आपोआप उतरणारं वजन. ही तीन लक्षणं कोणी काउंटरवर येऊन सांगितली असती तर मी त्याला उभ्या उभ्या डॉक्टरकडे पाठवलं असतं.

“वन्सं, रोज किती पिता?”

“एक बाटली. तहान फार लागली की दीड.”

“आणि शुगर किती येते?”

“मोजली नाही गं. पुष्कर म्हणाला, शरीर शुद्ध होत असताना आकडे वरखाली होतात, मोजू नका. आणि सारखी लघवी होते ती आतली घाण जाते म्हणून.”

सतीशनाही डायबिटीस आहे, त्यांचं मीटर खिशातच असतं. त्यांनी बहिणीच्या बोटातून थेंब काढला. मीटरने दाखवलं, चोवीस पॉइंट सहा. भारतातल्या मोजणीने चारशे चाळीसच्या वर; एरवी इथे दहाच्या आत, म्हणजे तिकडच्या एकशे ऐंशीच्या आत, ठेवायला सांगतात.

वन्सं आकड्याकडे बघत राहिल्या. “पण उपवासाला चालतं ना ते?” त्या हळूच म्हणाल्या.

मला रडू आलं. मी त्यांच्याजवळ बसले. “वन्सं, शरीराला पंचांग वाचता येत नाही. फळाची असो की पेढ्याची, पोटात गेली की ती साखर. ती रक्तात साठली, मूत्रपिंडं ती बाहेर टाकायला लागली, आणि बाहेर टाकताना तुमचं पाणीही घेऊन गेली. म्हणून घसा कोरडा. घसा कोरडा म्हणून आणखी रस. आणि रक्तातली साखर वापरता येत नाही, म्हणून शरीर आपलेच स्नायू, आपलीच चरबी खायला लागलं. हे बारीक होणं नाही, हे आजारपण आहे.”

मी बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. पूर्ण बाटलीत साधारण बावीस चमचे साखर, आणि एका वेळी घ्यायचं प्रमाण फक्त चार मोठे चमचे रस. पुतळ्याच्या कंबरेवर यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. आणि नळाचं पाणी? ते पेशीत जातं, बिनतक्रार जातं, पहिल्या दिवसापासून जातंय.

“पहिलं वजन बसायच्या कोपऱ्यात घ्या, शेवटचं स्टेजपुढे, असं कंपनीच्या मॅन्युअलमध्येच आहे,” पुष्कर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “मला वाटलं, फोटो चांगला येतो म्हणून.”

“आठ वर्षं टेस्टिंग केलंस ना रे?” मी विचारलं.

“हो.”

“एकदा काटा टेस्ट करायचास.”

त्याने माइक बंद केला. मग म्हणाला, “नागपूरला आईला हाच रस पाठवतो मी. तिलापण शुगर आहे.”

“मग इथे उभा काय आहेस? फोन लाव,” मी म्हणाले, आणि आम्ही वन्संना घेऊन हॉस्पिटल गाठलं.

चार दिवस सलाइन आणि इन्शुलिन. पाचव्या दिवशी ऑपरेशनवाल्या विभागाचं पत्र आलं. शुगर तीन महिने स्थिर राहिल्याशिवाय भूल देता येणार नाही, नवी तारीख शरद ऋतूत कळवू. वन्संनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, “अजून सहा महिने सोफा.” मी म्हणाले, “वन्सं, मी चेष्टा केली, समजावून सांगितलं नाही. चुकलं माझं.” त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मे महिन्यात मंडळाची सभा होती. वन्सं काठी टेकत माइकपाशी गेल्या. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या.

“तुम्ही सगळे पुष्करला नावं ठेवताय,” त्या म्हणाल्या. “ठेवा. पण माझी भावजय फार्मासिस्ट आहे, घरात मीटर आहे, डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे. मी कोणालाच विचारलं नाही. का, तर ती नाही म्हणेल अशी भीती होती. मला गुडघा इतका हवा होता की ‘नाही’ हा शब्दच ऐकायचा नव्हता. म्हणून सांगते, जी गोष्ट तुम्हाला सगळ्यात जास्त हवी असेल ना, तिच्याबद्दल कोणी हमी दिली की बाटली उघडायच्या आधी विचारा. कसं होतं, विचारा. कशावर मोजलं, विचारा. वाईट वाटेल असं उत्तर देणाऱ्या माणसाला आधी विचारा. मी विचारलं असतं, तर आज तुमच्यापुढे नव्या गुडघ्यावर उभी असते.”