अजूनएक आणि मावशीची झोप

बसा, ऐसपैस बसा. एका डायरेक्टरची गंमत सांगतो. हसाल शेवटी, पण आधी त्याच्याबरोबर थोडा घाम गाळावा लागेल.

तर हा गडी जाहिराती करायचा. साबण, फरशा, पंखे, काय म्हणाल ते. मधे हौसेनं एक सिनेमाही केला, तो तीन दिवसांत आपटला. सेटवर सगळे त्याला 'अजूनएक' म्हणायचे. शॉट कितीही झकास होवो, बाबाचं ठरलेलं, "अजून एक घेऊ!"

त्या वर्षी त्याच्या दोन जाहिराती कंपन्यांनी परत पाठवल्या. तिसरी गादीची. हीसुद्धा पडली तर आपल्याला कुत्रं विचारणार नाही, हे त्याला पुरतं ठाऊक. गादीवर सुखानं झोपलेली म्हातारी हवी होती. त्यानं सख्ख्या मावशीलाच उभं केलं. उभं कसलं, आडवं!

मावशी भारी हौशी. 'ॲक्शन' म्हटलं की मिटल्या डोळ्यांनी भुवया नाचवायची, ओठ मुडपून हसायची.

"मावशी, झोपलेलं माणूस इतकं हसत नाही गं."

"तुला काय कळतंय? मला गोड स्वप्न पडतंय."

"अजून एक घेऊ!"

असे चौदा शॉट झाले. दरवेळी 'कट' झालं की अजूनएक खिडकीच्या पडद्यातून येणाऱ्या उजेडावरून लाइटवाल्याशी हुज्जत घालायचा. मावशी आपली तिथंच पडून. संध्याकाळी ती लेकीकडे तीन महिन्यांसाठी निघून गेली, आणि भाड्याचा पलंगही परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेहुणा, तोच त्याचा एडिटर, काम उघडून बसला आणि पांढराफटक पडला.

"दाजी, तुम्ही 'ॲक्शन' म्हणता आणि चित्र संपतं."

"म्हणजे रे?"

"सगळं उलटं झालंय. 'कट'ला रेकॉर्डिंग सुरू, 'ॲक्शन'ला बंद. चौदाच्या चौदा वेळा!"

कॅमेरावाल्याला फोन लावला. तो चाचरत म्हणाला, "साहेब, तयारी करतानाच बटण दाबलं गेलं असणार. रेकॉर्डिंगचा लाल दिवा उशाजवळच्या ग्लासात चमकतो म्हणून तुम्हीच त्यावर काळी पट्टी लावायला लावलीत. मग कळणार कसं?"

अजूनएकनं घड्याळ बघितलं. दुपारी कंपनीची बाई बघायला येणार होती.

"लाव," तो खुर्चीत कोसळत म्हणाला. "काय आहे ते तरी बघू."

पडद्याच्या नावानं चाललेला त्याचाच आरडाओरडा ऐकू आला. आणि गादीवर मावशी. सहाव्या तुकड्यात तिनं जांभई दिली. नवव्यात कूस बदलली, हात उशीखाली सारला. अकराव्यात एक पाय पांघरुणाबाहेर, तोंड अर्धं उघडं, बारीक घोरणं. भुवया एकदम गप्प.

दोघांनी तो तुकडा पुन्हा लावून बघितला.

"दाजी, आवाज काढून टाकू?"

"माझा काढ. घोरणं ठेव."

दुपारी कंपनीच्या बाईनं जाहिरात दोनदा बघितली. "ही झोप आणलीत कुठून हो?"

अजूनएक खुर्चीत ऐटीत टेकला. "दमवावं लागतं, बाई."

"मग अजून एक करू या. उशीची."

जन्मभर दुसऱ्यांना पिडणारे ते दोन शब्द त्याला साखरेसारखे लागले. बाई गेल्यावर त्यानं मेहुण्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो बिचारा चष्मा शोधत बसला.

मावशी मात्र टीव्हीवर जाहिरात लागली की शेजारणींना सांगते, "चौदाव्या वेळी जमलं बघा. घोरायचं माझ्याच डोक्यात आलं." भाचा मान डोलावतो. तेव्हा मंडळी, एवढं करा. कधी भेटलीच तुम्हाला, तर तिच्या अभिनयाची तारीफ करा, आणि मी सांगितलेलं पोटातच ठेवा.