कोरी टेप

मलकप्पासारखी टेप भरणारा सोलापुरात दुसरा नाही, असं निदान मलकप्पाचं तरी मत होतं. धंदा लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा, पण भजनी मंडळांच्या कॅसेटीही तो भरून द्यायचा. बुवा खाकरले, पेटीवाला अडखळला, मधेच गाणं थांबलं, की याचं बोट बटणावर. कोरी टेप गिऱ्हाईकाला देणं त्याला लबाडी वाटायची.

थोरला भाऊ शिवप्पा गिरणीत कायमचा रातपाळीला. दिवसा झोपायचा आणि असा घोरायचा, की शेजारची तानाबाई भिंतीवर लाटणं आपटायची. बायको सुंदरम्मा त्या वेळी विड्यांच्या कारखान्यात असे. सत्त्याहत्तर साली शिवप्पा मागापाशी उभ्या उभ्या पेंगायला लागला. एकदा हात पट्ट्यात जाता जाता वाचला, तेव्हा तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हणाले, झोपेतला अर्ध्या तासाचा आवाज टेप करून आणा.

"मलक्या, डाक्टरला माजं घोरणं ऐकायचंय बे!"

दुपारी मलकप्पा थोरल्या अण्णाच्या उशाशी बसला. अण्णा घोरे, मधेच गप्प होई. मलकप्पा बटण दाबून टेप थांबवी आणि वीस आकडे मोजीपर्यंत वाट बघे. अण्णा धडपडून पुन्हा घोरू लागला, की टेप सोडी.

डॉक्टरांनी कॅसेट ऐकली. "नुसतं घोरणं आहे. घाबरू नका."

"पास झालो की बे! तुजी टेप लई भारी," शिवप्पा घरी येऊन म्हणाला. मलकप्पाची छाती फुगली.

दीड महिन्यानं एका दुपारी तानाबाई दारात आली. "आज आवाज कसा न्हाय?" शिवप्पा गार पडला होता.

दिवसकार्य उरकल्यावर मलकप्पा डॉक्टरांकडे गेला. त्यांनी विचारलं, "झोपेत श्वास थांबायचा का हो त्यांचा?"

"थांबायचा की, लई येळा. ते मी काढून टाकलं. कोरी टेप कशाला द्यायची तुमाला?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मला तेवढंच ऐकायचं होतं. पुण्याला पाठवलं असतं."

सख्ख्या भावाच्या उशाशी बसून आपण त्याचा जीव कापून टाकला, हे मलकप्पाला अजून गिळवत नाही. भजनात आता कुणी कितीही खाकरो, त्याचं बोट हलत नाही.

वहिनी कामावर गेल्या, की तो ती कॅसेट लावतो. जिथं जिथं बटण दाबलं, तिथं 'टक' असा बारीक आवाज येतो. असे एकशे बारा आहेत. प्रत्येक 'टक'ला तो टेप थांबवतो, वीस मोजतो आणि मगच पुढं सोडतो.